कणीक जादा झाली

दीपालीला सोसायटीच्या गेटवर अडवलं त्या दिवशी मी तिच्यासोबत नव्हते, हे त्या वॉचमनचं नशीब. त्याच्या मोबाईलवर तिच्या नावापुढे लाल खूण आली होती. "ब्लॉक दिखा रहा है, दीदी," एवढंच तो म्हणाला. दीपालीनं खांद्यावरची वायरींची पिशवी खाली ठेवली, त्याचा मोबाईल स्वतः वाचला, पिशवी परत उचलली आणि माणच्या बस स्टॉपकडे चालू लागली. मला हे कळलं तीन दिवसांनी, तेही माझ्या मेगाफोनचा सेल कुठं मिळेल हे विचारायला मी फोन केला म्हणून.

"अगं, तेव्हाच का नाही सांगितलंस?" मी ओरडले.

"तुमी आला असता ना आक्का."

"मग! यायलाच पाहिजे होतं मी."

"म्हनून तर न्हाई सांगितलं."

अशी आहे ती. मी बारा गावांत भांडलेली बाई, कायदा झेरॉक्सच्या दुकानात उभी राहून शिकलेली, आणि ही पोरगी मला बाजूला बसवते.

दीपाली ताम्हिणीच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीची. वय चौतीस. शिक्षण नववी. पिरंगुटला लाउडस्पीकर बनवणारा एक कारखाना आहे, तिथं ती अकरा वर्षं कंत्राटी कामगार होती. काम काय, तर ऐकायचं. खरंच सांगते, नुसतं ऐकायचं. फोमनं मढवलेली कपाटाएवढी खोली, तिच्यात एक स्टूल. समोर स्पीकर यायचा. त्याच्यातून एक आवाज खालच्या 'भूं'पासून वरच्या 'ईं'पर्यंत सरकत जायचा आणि तेवढ्यात दीपालीनं सांगायचं, पास की नापास. कुठं कागद घासतोय, कुठं तार सैल आहे, कुठं डिंकाचा थेंब सुकून अडकलाय. "ह्याच्यात मधमाशी हाय," म्हणून ती पेटी बाजूला सारायची. उघडली की थेंब सापडायचाच. इंजिनिअर लोक तिला हसायचे आणि तिच्याकडेच विचारायला यायचे.

मग माईक लावलेलं मशीन आलं. ऐकणाऱ्या अठरा बायका एका सकाळी गेटाबाहेर. आम्ही त्या गेटावर एकवीस दिवस बसलो आणि हरलो. मी ते हरणं अजून गिळलेलं नाही. दीपाली त्या एकवीस दिवसांत काय करत होती? माझं भाषण चालू असताना ती मेगाफोनकडं बघत होती. संपल्यावर म्हणाली, "आक्का, तुमच्या भोंग्याचा पडदा फाटलाय. 'कामगार' म्हनलं का नुसतं 'गाऽर' ऐकू येतं." संध्याकाळपर्यंत तिनं तो दुरुस्त केला. तिथून तिचा हा धंदा सुरू झाला असं म्हणायला हरकत नाही.

माण-हिंजवडीच्या टॉवरांत राहणाऱ्या पोरांना हल्ली एक नाद आहे. मॉनिटर स्पीकर घ्यायचे. मॉनिटर म्हणजे गाणी रेकॉर्ड करणारे लोक वापरतात तसले छोटे, खरं बोलणारे स्पीकर. आवाजाला उगाच साखर लावत नाहीत. पण पेटी लहान, खालचा खर्जाचा आवाज तिच्या पोटात मावत नाही. मग वर्षभरानं सबवूफर घ्यायचा, म्हणजे नुसतं खालचं बोलणारी एक जड पेटी. दोन स्पीकर एका कंपनीचे, सब दुसरीचा. या तिघांनी मिळून एका तोंडानं बोललं पाहिजे, नाहीतर खोलीत तीन माणसं एकदम बडबडल्यासारखं होतं. ही जुळणी दीपाली करते. फोम-खोलीतल्या अकरा वर्षांच्या कानावर करते. एकानं दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला, असं करत त्या सहा टॉवरच्या सोसायटीत तिची नऊ कामं झाली होती आणि चार घरं रांगेत थांबलेली होती.

आता माझं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. सबवूफर माझा शत्रू आहे. लग्नाच्या मिरवणुकीत ट्रकभर सब रचून म्हाताऱ्यांची छाती हलवणारे डीजे मी पाच गावांत बंद पाडलेत. त्यासाठी शिव्या खाल्ल्यात, एकदा दगडही. तरी दीपालीचं काम मी मानते, कारण ती आवाज वाढवायला जात नाही, नीट करायला जाते. पण त्या वेळी तिची चूक झाली होती. ती चूक तिनंच मला सांगितली, मी विचारायच्या आधी.

सातव्या मजल्यावर कौस्तुभ नावाचा मुलगा राहतो. जळगावकडचा, आयटीत. एकटा. सुट्टीच्या दिवशी सोफ्यावर बसून डोळे मिटून गाणी ऐकणं हा त्याचा देवधर्म. त्याच्या घरी दीपालीनं सब बसवला तो टीव्हीच्या भिंतीच्या कोपऱ्यात. आवाजाचं बटण पाऊण फिरवलेलं. आठ दिवस कौस्तुभ खूश. नवव्या दिवशी त्यालाच वाटायला लागलं की बातम्या वाचणारा माणूस टीव्ही सोडून कोपऱ्यात जाऊन बसलाय. आणि खालच्या, सहाव्या मजल्यावरच्या हेमलताबाईंच्या शोकेसची काच गुणगुणायला लागली. हेमलताबाई अमरावतीच्या, बँकेतून निवृत्त झालेल्या आणि सोसायटीच्या सेक्रेटरी. म्हणजे नेमकं जिच्या डोक्यावर वाजू नये तिच्याच डोक्यावर.

त्यांनी कमिटीच्या ग्रुपवर लिहिलं: बाहेरच्या अनक्वालिफाइड व्यक्तीकडून अशी कामं करून घेऊ नयेत. सोबत दीपालीचं नाव. त्याच दिवशी गेटावर लाल खूण. थांबलेली चारही घरं गप्प झाली. आणि या सोसायट्यांचं एक असतं, इथली सेक्रेटरी तिथल्या सेक्रेटरीला विचारते. एका गेटावर लाल झालेलं नाव दुसऱ्या गेटावर हिरवं राहत नाही. दीपालीचं सगळं काम या गेटांच्या आत होतं. गेट बंद म्हणजे ती परत बिनकामाची.

कौस्तुभ भला. त्यानं हेमलताबाईंना दोनदा भेटून एक रविवार मिळवला. सकाळी दहा ते एक. दीपालीनं यावं, नीट करून दाखवावं. खाली ऐकू आलं नाही तर लाल खूण काढू. आलं तर सब आणि ती बाई, दोन्ही कायमचे बाहेर.

"कायमचे! या कोण मोठ्या लागून गेल्या?" मी म्हटलं आणि त्याच दिवशी अर्ज लिहायला बसले. विषय : बेकायदेशीर प्रवेशबंदीबाबत. दोन पानं, कलमांसकट, तीन प्रती. शुक्रवारी अर्ज पर्समध्ये घालून दीपालीची सही आणायला वाडीवर गेले. रस्त्यापासून वर दोन तासांची चढण आहे. गुडघे बोलत होते.

तिचं घर कुडाचं आहे. कारवीच्या काठ्या उभ्या लावून त्यावर शेणमातीचा लेप, वर पत्रा. आत गेले तर ही जमिनीवर बसलेली, समोर कारखान्यातले दोन नापास स्पीकर आणि कोपऱ्यात तिनं भंगारातून बनवलेला सब. एकच गाणं पुन्हा पुन्हा लावत होती.

"आक्का, ऐका. हितं तर बराबर वाजतंय."

"हो, छान वाजतंय. ही घे, सही कर."

"हितं कोपऱ्यात बराबर, मंग तितं कोपऱ्यात का घुमतंय?"

सहीचं नावच नाही. ओटीवर तिचा बाप कोंडीबा पखवाज मांडीवर घेऊन बसला होता. सत्तरीचा माणूस, वाडीच्या भजनात चाळीस वर्षं पखवाज तोच वाजवतो. हातात कणकेचा गोळा. पखवाजाच्या उजव्या तोंडाला शाई असते, ती टणक बोलते. डाव्या तोंडाला धुम म्हणतात, ती खोल बोलते, आणि तिला दर वेळी ताजी भिजवलेली कणीक थापावी लागते. त्यानं कणीक लावली, थाप मारली, मान हलवली आणि चिमटीनं थोडी काढून बोटाला चिकटवून ठेवली. परत थाप. परत चिमूट.

"बाबा, आता तर बरी व्हती की," मी म्हणाले. त्याच्याशी बोलताना मीही तशीच बोलायला लागते.

"बरी कसली! येगळी ऐकू येत व्हती." म्हाताऱ्यानं माझ्याकडं अडाण्याकडं बघावं तसं बघितलं. "धुम येगळी ऐकू आली का समजायचं, कणीक जादा झाली. ऐकनाऱ्याला वाटलं पायजे, शाईच खोल बोलतीया."

आतलं गाणं थांबलं. दीपाली दारात आली.

"आन खालच्या गावातल्या नव्या देवळात वाजिवता तवा?"

"सिमिटाच्या? तितं निम्मीच लावतो. आन हात बी निम्मा. हितं कुडातून अर्धा आवाज रानात जातोय, तितं भायेर जायाला जागाच न्हाई त्याला. घुमत बसतो मग, अंगात आल्यावानी."

दीपाली आत गेली, गाणं लावलं, बाहेर आली आणि घराला वळसा घालून मागच्या नाचणीच्या वाफ्यापाशी जाऊन उभी राहिली. मीही गेले. घराच्या आत जेवढं 'धुम्म' होतं, त्याहून बाहेर जास्त होतं. कारवीच्या भिंतीतून सगळा खर्ज गाळून बाहेर पडत होता.

"ह्या घरात माझा कान तयार झालाय आक्का," ती म्हणाली. "हितं कोपऱ्यात ठिवून दाबून वाजिवलं तवा कुटं आत थोडं उरतं. मी त्याच मापानं तितं ठिवलं. अकरा वर्सं फोमच्या खोलीत बसले, तितं बी आवाज भितीत जिरायचा. सिमिटात आवाज राहतोय ह्ये मला कुनी दाखिवलंच न्हाई."

"म्हणजे तुझी चूक नाहीच! हे अर्जात घालू."

"माझीच हाय. म्हनून तर मला नीट करता येईल. दुसऱ्याची असती तर तुमचा अर्ज लागला असता." मग माझ्या तोंडाकडं बघून म्हणाली, "रविवारी या तुमी. पन तोंड बंद."

सही न घेता मी तशीच उतरले.

रविवारी साडेनऊला मी गेटावर हजर. तोंड बंद ठेवायचं कबूल केलेलं. वॉचमननं विचारलं, "आप कौन?" या तालुक्यात मला हे विचारणारा माणूस बऱ्याच दिवसांत भेटला नव्हता. जीभ दातांखाली धरली. "हिची मदतनीस," म्हटलं. दीपालीच्या हातात स्कूटरची जुनी ट्यूब आणि खांद्यावर पिशवी, माझ्या काखेत शहाबादी फरशीचा तुकडा. पिरंगुटच्या पंक्चरवाल्याकडून आणि एका बांधकामाच्या ढिगातून आणलेलं सगळं.

सातव्या मजल्यावर हेमलताबाई दारातच उभ्या होत्या. इस्त्रीची साडी, गळ्यात चष्मा, हातात मोबाईल. दीपालीकडं त्यांनी बघितलंच नाही, माझ्याकडं बघितलं.

"तुम्ही त्या डीजे बंद करणाऱ्या चंद्राबाई ना? पेपरात फोटो होता तुमचा."

"हो."

"मग बाप्पा, तुम्ही तर माझ्या बाजूनं पाहिजे होत्या!"

न भांडता मी फरशी या काखेतून त्या काखेत घेतली. लिहून ठेवते, कारण असं वर्षातून एखाद्या वेळीच होतं.

दीपालीनं घड्याळ बघितलं आणि सब कोपऱ्यातून उचलून थेट सोफ्यावर ठेवला, कौस्तुभ बसतो बरोबर त्या जागी.

"दीपालीताई, सोफ्यावर? म्हणजे परमनंट?" कौस्तुभ घाबरला. "मग मी कुठे बसणार?"

"तुमी आज उभं राहा. आज तुमच्या जागी त्यो, आन त्याच्या जागी मी. आवाजाची वाट जाताना-येताना एकच असती. त्यो सोफ्यावरून बोलला आन मला भितीपाशी जिथं नीट ऐकू आलं, तिथं त्याला ठिवायचा. मंग त्यो तितून बोलला का तुमाला सोफ्यावर नीट."

मग तिनं पदर खोचला आणि गुडघे टेकले. सबचं तोंड जमिनीलगत असणार, म्हणून तिनंही कान जमिनीलगत नेला. मोबाईलवरून एकेक सूर लावायचा, तीस, पस्तीस, चाळीस हर्ट्झ (आकडा जेवढा लहान तेवढा सूर खोल), असं एकशे वीसपर्यंत चढत जायचं, आणि ती भिंतीच्या कडेनं रांगत एकेक हात पुढं. कोपऱ्यात पोचली की मान हलवायची.

"हे काय चाललंय?" हेमलताबाईंनी मला विचारलं. "अंगात वगैरे..."

"ऐकतेय ती," मी म्हटलं. दात आवळून म्हटलं.

"आक्का, कागद हाय का?"

माझ्या पर्समध्ये अर्जच होता. तीन प्रती. दीपालीनं वरची प्रत ओढून घेतली, उलटली, आणि मागच्या कोऱ्या पानावर कारखान्यातल्या सवयीनं खुणा करायला लागली. सूर सारखा आला की बरोबरची खूण. फुगला की 'घु', म्हणजे घुमतो. मधेच नाहीसा झाला की 'प', म्हणजे पडतो. कोपऱ्याच्या रांगेत 'घु' एवढे की जणू कबुतरं बसलीत. बाल्कनीच्या दारापासून तीन हात अलीकडं, डाव्या मॉनिटरच्या पायाशी, एक रांग आली जिच्यात दोनच 'घु' होते आणि 'प' एकही नव्हता.

"हितं," ती म्हणाली आणि फरशीवर खडूनं चौकोन काढला. अकरा वाजून गेले होते.

चौकोनात किंचित हवा भरलेली ट्यूब, तिच्यावर शहाबादी, तिच्यावर सब. "ट्यूबनं थोडंच व्हतंय," तिनं कौस्तुभला आधीच सांगितलं. "फरशीला थेट धक्का बसत न्हाई एवढंच. खरं काम जागंचं आन बटनाचं." मग वायरी उपटल्या. पहिल्या वेळी तिनं एका वायरीला दोन तोंडं काढून सबला आणि मॉनिटरना सगळाच आवाज सारखा दिला होता. खालचा आवाज सबही बोलायचा, मॉनिटरही आपल्या परीनं बोलायचे, आणि दोघांचा मिळून गोंधळ व्हायचा. आता वायर आधी सबमध्ये गेली आणि सबमधून पुढं मॉनिटरकडं. ऐंशीच्या खालचं पेटीनं ठेवून घ्यायचं, वरचं पुढं सोडायचं. "वाटनी झाली," म्हणाली, "आता बांध कोरायचा न्हाई कुनी." ते ऐकून मात्र मला हसू आलं. मुळशीतल्या बाईला याहून चांगलं कुणी समजावलं नसतं.

बांधावरच, म्हणजे ऐंशीच्या सुरावर, तिनं दोघांना एकत्र बोलायला लावलं. मी सोफ्यावर. सबच्या पाठीला एक छोटं बटण असतं, ते इकडं केलं की सूर पोकळ झाला, जणू कुणी गिळला. तिकडं केलं की भरून आला.

"पोकळ हुतो तवा एक म्होरं ढकलतोय आन दुसरा मागं वढतोय," ती म्हणाली. "दोघांनी एका टायमाला हात टाकाय पायजे."

मग आवाजाचं बटण. कौस्तुभनं एका पखवाजवादनाचं रेकॉर्डिंग लावलं, दीपालीनंच मागितलेलं. ती बटणाशी बसली, डोळे मिटून. ऐकायची, केसभर मागं फिरवायची. परत ऐकायची, परत केसभर. अंगठा आणि बोट चिमटीसारखं धरून. कोंडीबाची पोरगी आहे हे त्या क्षणी कुणीही सांगितलं असतं.

"आक्का, धुम कुटून येती?"

मी उजव्या मॉनिटरकडं बोट केलं.

"सब चालू हाय का बंद?"

"बंद."

तिनं हात मागं नेऊन सब खरोखरच बंद केला. खोलीतून एकदम काहीतरी निघून गेलं. पखवाज ऐकू येत होता, पण लाकडाचा आवाज गेला होता, नुसती कातडी उरली होती. तिनं परत चालू केला. मी सबवूफरच्या नावानं पाच गावं पेटवलेली बाई, मला तो परत आल्याचं बरं वाटलं. कौस्तुभ उभा होता तिथंच जमिनीवर बसला.

एकला वीस मिनिटं कमी. हेमलताबाई खाली आपल्या घरात जाऊन बसल्या आणि कौस्तुभला फोन लावला. वर गाणं.

"आधीपेक्षा पुष्कळच कमी आहे," फोनवरून आवाज आला. कौस्तुभनं मूठ उडवली. "पण शोकेस अजून बोलतोय."

दीपाली उठली. "मी खाली जाते. आक्का, तुमी ह्या मोबाईलवर एकेक सूर लावा. मी सांगते तितं थांबा." आणि जिन्यानं गेलीसुद्धा.

मी लावत गेले. तीस. पस्तीस. चाळीस. दुसऱ्या हातात कौस्तुभचा फोन चालूच होता. पंचेचाळीसला दीपाली म्हणाली, "ह्योच. थांबा." खाली काचेची बारीक किणकिण मलाही फोनमधून ऐकू आली. आणि तेवढ्यात हेमलताबाई स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "तशी ती काच सामान आणलं तेव्हापासून ढिलीच आहे म्हणा."

आता सांगा, मी काय करायचं? अकरा वर्षं मी अशा एका वाक्यासाठी अधिकाऱ्यांच्या दारात बसलेय. तोंडातून निघून गेलं. "ऐकलंस ना दीपाली! काच ढिली आहे! त्यांच्याच तोंडून! लिहून घे, लिहून घे आधी!"

फोनवर हेमलताबाईंचा आवाज आला, थंड. "हे काय? पुरावे गोळा करायला आलात का माझ्या घरात? झालं असेल तर जा तुम्ही. मला जे कळायचं ते कळलं."

तीन तासांची मेहनत मी एका तोंडानं पाण्यात घातली होती. कौस्तुभ माझ्याकडं बघत नव्हता, हे जास्त लागलं.

"आक्का," दीपाली म्हणाली, "फोन दादांकडं द्या."

कौस्तुभला दिला. फोन स्पीकरवर होता, म्हणून पुढचं मला ऐकू आलं.

"काकू, काच ढिली हाय म्हनून तर बरं. घट्ट असती तर मला तुमच्या फरशीवर आडवं पडून कान लावाय लागला असता. ही बया समदं सांगती मला. कारखान्यात आसली काच असती तर माझं निम्मं काम झालं असतं. हिला अजाबात हात लावू नका, मला हिच्याकडूनच पास करून घ्यायचंय."

दार उघडल्याचा आवाज आला नाही, म्हणजे हेमलताबाईंनी तिला बाहेर काढलं नव्हतं.

"दादा, सब भितीपासनं तळहाताएवढा पुढं वढा. ...अजून. ...बास, थोडा मागं. आता बटन चिमटीएवढं खाली. चिमटीएवढं म्हनलं, मूठभर न्हवं!"

किणकिण बारीक झाली. थांबली. दीपालीनं पस्तीसपासून साठपर्यंत सगळे सूर परत लावायला सांगितले. काच गप्प. मग ती धापा टाकत जिन्यानं वर आली, सोफ्यावर बसली, सगळं पहिल्यापासून ऐकलं, कागदावर पंचेचाळीसपुढचा 'घु' खोडून बरोबरची खूण केली आणि म्हणाली, "आता लावा गानं."

गाणं लागलं. एकला सहा मिनिटं कमी, पाच, चार. फोन चालू, खालून काहीच नाही. शेवटी हेमलताबाईंचा आवाज आला, "अहो कौस्तुभ, लावताय ना? एक वाजत आला."

कौस्तुभनं उत्तर म्हणून मोबाईल वाजणाऱ्या स्पीकरसमोर धरला.

हेमलताबाई स्वतः वर आल्या. सोफ्यावर बसल्या. चष्मा लावून खोली न्याहाळली, जणू आवाज दिसणार होता. मग म्हणाल्या, "ठीक आहे. लाल खूण काढायला सांगते. पण रात्री नऊनंतर बंद राहील हे."

"त्ये तुमी दादांना सांगा," दीपाली म्हणाली. "आन अजून एक. ग्रुपवर तुमी माझ्याबद्दल एक शबूद टाकलाय."

"कोणता?"

"अनक्वालिफाइड." हा शब्द ती अगदी स्वच्छ म्हणाली. पाठ केलेला असावा.

हेमलताबाईंनी तिच्याकडं पहिल्यांदा नीट बघितलं. तिच्या गुडघ्यांवरची धूळ, कानावरचा खडू. मग मोबाईल काढून बराच वेळ टाइप केलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं: सातव्या मजल्यावरील आवाजाचे काम दीपालीताईंनी स्वतः येऊन समाधानकारकरीत्या पूर्ण केले आहे, त्यांच्यावरील प्रवेशबंदी मागे घेण्यात येत आहे.

'मागे घेण्यात येत आहे' नाही, 'चुकीची होती' असं पाहिजे, हे माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं. दीपालीचा पाय माझ्या पायावर पडला. चांगला जोरात.

निघताना मी माझा अर्ज परत मागितला. दोन पानं, कलमांसकट, मेहनतीनं लिहिलेला.

"त्यो न्हाई मिळायचा," ती म्हणाली. "दादांनी उद्या सोफा हलिवला तर येनाऱ्याला ह्ये आकडे लागतील." तिनं पिशवीतून चिकटपट्टी काढली आणि कागद सबच्या पाठीला चिकटवला, खुणा बाहेर, अर्ज आत. कारखान्यात पास झालेल्या पेटीला अशीच चिठ्ठी लावायची पद्धत होती, आणि चिठ्ठीवर ऐकणारीची सही लागायची. दीपालीनं कौस्तुभकडून पेन घेतलं, वाकली आणि खाली सही केली.

ज्या सहीसाठी मी दोन तास चढून वाडीवर गेले होते, ती त्या कागदावर झाली एकदाची. मागच्या बाजूला.